सुट्टीत चार पोरं, एक टीव्ही, दोन कंट्रोलर – एकत्र खेळता येतील असे गेम सुचवा

इंदिरानगरची_आई
नमस्कार मंडळी, नेहमी नुसतं वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. मे महिन्यात नणंदेची दोन पोरं जळगावहून आमच्याकडे नाशिकला येतात, मोठा १३ चा आणि धाकटा ९ चा, माझा मुलगा १० चा आणि मुलगी ७ वर्षांची. सकाळी नऊपर्यंत खाली सायकली, संध्याकाळी सहानंतर परत खाली, पण मधले नऊ तास काय करायचं, भर उन्हात तर सोडू शकत नाही (जळगावच्या दोघांना आपलं ऊन म्हणजे हिल स्टेशन वाटतं ते सोडा). घरात ह्यांचा जुना पीएस फोर (टीव्हीला जोडायचं प्लेस्टेशन) आहे, चालू कंट्रोलर दोन, एक लॅपटॉप आणि आमचे फोन.

मागच्या वर्षीचा किस्सा सांगते म्हणजे अडचण कळेल. क्रिकेट आणि फुटबॉलचे गेम होते, मोठ्याने नियम काढला की जिंकेल तो खेळत राहणार, आणि जिंकणारा अर्थातच तोच. धाकटीने हट्ट केला तर ड्रॉवरमधला मेलेला तिसरा कंट्रोलर तिच्या हातात दिला आणि सांगितलं तो पिवळा जर्सीवाला तू आहेस. पोरगी दोन दिवस मन लावून बटणं दाबत होती हो, आणि गोल झाला की उड्या. तिसऱ्या दिवशी तिलाच दिसलं की सगळ्यांच्या कंट्रोलरचा दिवा लागतो, आपला लागत नाही. मग जे काही झालं ते विचारू नका, संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलली नाही.

तर चौघांना एकत्र खेळता येईल असं काही आहे का? गोळीबार नको, अनोळखी लोकांशी नेटवर बोलणं नको, बजेट फार तर ३००० रुपये.

सातपूरचा_पप्पा
ताई, त्या मेलेल्या कंट्रोलरवर हसू का रडू कळेना. आपल्या लहानपणी पण धाकट्यांना कच्चा लिंबू करून घ्यायचे, पण निदान पळू तरी द्यायचे.

मी गेम घेताना दोनच गोष्टी बघतो. कच्च्या लिंबूची सोय आहे का, आणि आऊट झालेलं पोर किती वेळ नुसतं बसून राहतं. ग्राफिक्स, रेटिंग, लोक काय म्हणतात हे सगळं त्याच्यानंतर. वयात सहा वर्षांचा फरक असला की एकमेकांविरुद्धचा कुठलाही गेम घ्या, मोठा जिंकणार आणि धाकटी रडणार, म्हणून पहिल्यांदा एकाच बाजूने खेळायचे गेम बघा.

तुमच्यासाठी माझं पहिलं नाव ओव्हरकुक्ड टू. २०१८ चा आहे, चौघं मिळून हॉटेलचं किचन चालवायचं, कुणी चिरायचं, कुणी शिजवायचं, कुणी ताटल्या धुवायच्या, वेळ संपायच्या आत ऑर्डरी बाहेर गेल्या पाहिजेत. एक डाव तीन-चार मिनिटांचा, त्यामुळे "माझी पाळी कधी" हा प्रश्नच येत नाही. आणि तुमच्यासाठी खास म्हणजे एका कंट्रोलरवर दोन जण खेळू शकतात, एकाने डावी स्टिक आणि वरची डावीकडची बटणं धरायची, दुसऱ्याने उजवीकडची. म्हणजे दोन कंट्रोलरमध्ये चार पोरं बसली. मोठा आणि धाकटी यांना एकाच कंट्रोलरला जोडा, गंमत बघा, दोघांना एकमेकांना चिकटूनच बसावं लागतं, भांडायला जागाच नाही. ऑल यू कॅन ईट नावाने दोन्ही भाग एकत्र पण मिळतात, त्यात असिस्ट मोड आहे, वेळ वाढवून मिळतो आणि अडलेली लेव्हल सोडून पुढे जाता येतं.

दुसरा रेमन लेजेंड्स, जुना आहे पण चौघांचा आहे. त्यात मार लागला की आपला गडी फुगा होऊन तरंगत राहतो, दुसऱ्याने येऊन टपली मारली की परत जिवंत. आमची धाकटी अर्धा वेळ फुगाच असते आणि "दादा मला फोड, दादा मला फोड" म्हणून ओरडत असते, तिला तोच गेम वाटतो. त्याला मात्र कंट्रोलर चार लागतात, दोनच असतील तर दोन-दोनच्या जोड्या करा.

लेगोचे गेम दोघांसाठीच, पण त्यात मेलं की फक्त थोडी नाणी सांडतात आणि लगेच परत उभं, त्यामुळे सात वर्षांच्या पोरीला बेस्ट. मधेच कुणी कंट्रोलर ठेवून आमरस खायला गेलं तरी गेम थांबत नाही, दुसरा चालू ठेवतो.

सीडी मिळत असेल तर सीडीच घ्या, जुनी चालते, सुट्टी संपल्यावर विकता येते. स्टोअरवरून डाऊनलोड केलेला गेम विकता येत नाही. आणि स्वस्तातला कंट्रोलर घेऊ नका, मी एम जी रोडवरच्या एका दुकानातून ओरिजिनल म्हणून आणला, आठ दिवसांत गेममधला माणूस आपोआप डावीकडे चालायला लागला, दुकानदार म्हणतो तुमचा टीव्ही खराब असेल.

द्वारका_ट्रॅफिक
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. एवढा विचार गेमचा करण्यापेक्षा पत्ते, कॅरम, सापशिडी काढा. आम्ही अख्खा मे महिना गंगेवर (म्हणजे आपल्या गोदावरीवर) आणि आंब्याच्या झाडावर काढला, कुणी आम्हाला मल्टिप्लेअर शिकवलं नाही.

रविवार_कारंजा
काका, कॅरममध्ये पण मोठाच जिंकतो आणि धाकटीला फक्त पावडर टाकायला बसवतात, मी तीच धाकटी होते. तुमच्या त्या आंब्याच्या झाडाच्या जागी आता पार्किंग आहे.

ताई, आमच्याकडे माईनक्राफ्ट चालतं, ठोकळे रचून घरं बांधायचा गेम, मुलगी ९, मुलगा ११, आणि बिल्डिंगमधली दोन पोरं. पीएस फोरवर स्क्रीनचे चार तुकडे होऊन चौघं खेळू शकतात, तुमच्याकडे कंट्रोलर दोन म्हणजे दोघंच टीव्हीवर. बाकीचे दोघं फोनवर एकाच वायफायवरून त्याच जगात येऊ शकतात, पण प्रत्येक फोनवर गेम विकत घ्यावा लागतो आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट करावं लागतं. मुलाचं खरं वय टाकून अकाउंट केलं की मल्टिप्लेअर बंद असतं, ते आईबाबांच्या अकाउंटवरून चालू करावं लागतं, मी यात एक रविवार घालवलाय म्हणून आधीच सांगते. आणि लॅपटॉपवर कुणी माईनक्राफ्टचं जावा एडिशन टाकून ठेवलं असेल तर ते फोन आणि पीएस फोरशी जुळत नाही, त्यांना बेडरॉक नावाचं दुसरं एडिशन पाहिजे.

आता महत्त्वाचं. जग तयार करताना क्रिएटिव्ह ठेवा, म्हणजे मरणं नाही, भूक नाही, सामान अमर्याद. आणि सेटिंगमध्ये टीएनटी (गेममधला सुरुंग) फुटायचं बटण आहे ते आधी बंद करा!! मी केलं नव्हतं. मुलीने चार दिवस खपून बंगला बांधला होता, वरती स्विमिंग पूल, आजीसाठी वेगळी खोली, अंगणात तुळस म्हणून कुठलंतरी हिरवं झुडूप लावलेलं. भावाने बंगल्याच्या पायाखाली सुरुंग लावला. आजीची खोली पहिल्यांदा गेली. त्याला वाटलं सगळे हसतील, एकही जण हसला नाही, बिल्डिंगमधली पोरं पण गप्प. नंतर स्वतःच दोन दिवस बसून भिंती उभ्या करत होता, पूल मात्र उलटा झालाय, पाणी खाली गळतं.

बारावी_झाली_एकदाची
काकू, मोठ्या भावाच्या बाजूने पण कुणीतरी बोलायला पाहिजे, १३ व्या वर्षी दिवसभर ताटल्या धुतल्या तर तो वेडा होईल 😄 त्याच्यासाठी रॉकेट लीग टाका, गाड्यांनी फुटबॉल खेळायचा, एक मॅच पाच मिनिटांची, २०२० पासून फुकट आहे आणि पीएस प्लस (प्लेस्टेशनची पैसे भरून घ्यायची मेंबरशिप) पण लागत नाही. नेटवर न जाता घरच्या घरी स्क्रीन वाटून खेळता येतं, समोर कॉम्प्युटरची टीम घ्या आणि तुमची पोरं एका टीममध्ये टाका. धाकटी नुसती गोलपोस्टमध्ये गाडी उभी करून बसली तरी चार गोल वाचतात, सिरियसली.

फोन चार जमले तर अमंग अस. फोनवर फुकट, लोकल मोड आहे म्हणजे सगळे एका वायफायवर, बाहेरचं कुणी येत नाही. आपलं राजा-राणी-चोर-शिपाई आहे ना तेच, एक जण चोर, बाकीच्यांनी ओळखायचं. मेलेला माणूस भूत होऊन आपली कामं करत राहतो, म्हणजे सातपूर काकांच्या नियमात बसतं. मारामारी कार्टूनची आहे पण आहे, ते बघून घ्या. चारच जण असले तर डाव लवकर संपतो, तुम्ही दोघं पण बसा, सहा जणांत मजा येते. आमच्याकडे आजी खेळली होती, तीन डाव चोर होती आणि कुणाला संशय आला नाही.

तो मोठा बीजीएमआय (पबजीचा भारतातला अवतार, गोळीबाराचा) मागणारच, लिहून ठेवा. त्यांच्याच नियमात १८ खालच्यांना पालकांची परवानगी आणि दिवसाला ३ तासांची मर्यादा आहे एवढं माहीत असू द्या, तो सांगणार नाही.

आळशी_मांजर
एक सावधगिरी. कुणीतरी इट टेक्स टू सुचवेल, दोघांचा फार सुंदर गेम आहे, २०२१ मध्ये मोठं बक्षीस मिळालंय, पण गोष्ट घटस्फोट घ्यायला निघालेल्या आईबाबांची आहे आणि त्यात एका खेळण्यातल्या हत्तीणीचा सीन आहे, माझा आठ वर्षांचा भाचा त्यानंतर टीव्ही बंद करून माझ्याजवळ येऊन झोपला. मोठ्या दोघांना चालेल, धाकटीसमोर नको.

इंदिरानगरची_आई
सगळ्यांचे आभार, द्वारका काकांचे पण, पत्ते काढलेत, लाईट जाते तेव्हा उपयोगी पडतात.

ओव्हरकुक्ड टूची जुनी सीडी मिळाली, बजेटच्या निम्म्यात. आज पाचवा दिवस. पहिल्या दिवशी मोठा म्हणाला हा लहान मुलांचा आहे, दुसऱ्या दिवशी तोच सगळ्यांना कामं वाटून देत होता, आता भिंतीवर कागद चिकटवलाय, कोण कांदा, कोण भात, कोण ताटल्या. मी किचनमध्ये असते आणि बाहेरून "अगं भात करपला!!" असं ऐकू येतं, दोनदा मी खरंच गॅस बंद केला. धाकटीने ताटल्या धुवायचं खातं स्वतःहून मागून घेतलंय, कुणाला हात लावू देत नाही, आणि जेवण झाल्यावर स्वतःचं ताट मात्र तिथेच ठेवून उठते, त्याला काय करू ते सांगा.

भांडणं होतातच, पण आता चौघं मिळून गेमशी भांडतात. एका कंट्रोलरवर दोघं हे मात्र जरा जड जातं, मोठ्याचे हात मोठे आहेत, धाकटीचा अंगठा त्याच्या हाताखाली अडकतो. म्हणून तिसरा कंट्रोलर घ्यावा असं चाललंय. सातपूर दादा, ओरिजिनल कसा ओळखायचा? आणि तो मेलेला दुरुस्त होतो का कुठे?

सातपूरचा_पप्पा
आधी मेलेलाच बघा. चार्जिंगची केबल बदलून रात्रभर लावून ठेवा, कितीतरी केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांनी कंट्रोलर पीएस फोरला जोडलाच जात नाही. मग मागच्या बाजूला बारीक भोक आहे, त्यात पिन घालून पाच सेकंद दाबा, आणि केबलने जोडून मधलं पीएसचं बटण दाबा. दिवा लागला तर तो धाकटीलाच द्या.