जपानी कार्टून आणि आपलं घर : तुमचा अनुभव लिहा

मिरजेला आमच्या वाड्यात एकच रंगीत टीव्ही, तोही शेजारच्या काकूंकडे. रविवारी सकाळी मोगली लागला की आम्ही नऊ-दहा पोरं त्यांच्या खोलीत मांडी घालून बसायचो. गुलजारांचं गाणं, विशाल भारद्वाजांची चाल आणि शेर खानला नाना पाटेकरांचा आवाज, त्यामुळे मला ती मालिका आपल्याकडचीच वाटायची. ती १९८९ साली जपानमध्ये निप्पॉन ॲनिमेशनने केली आणि तिचे ५२ भाग आहेत, हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळलं. आणि फार आनंद झाला. तुमच्याकडे ही चित्रं कुठून आली, काय ठेवून गेली? सविस्तर लिहा, घाई नाही.

*

परभणी. माझ्या भावाला डोरेमॉनचा डोरा केक हवाच होता. रडून रडून ताप आला त्याला. आईने कणकेत थोडं दूध आणि गूळ घालून तळहाताएवढी जाड घावनं काढली आणि होळीचं उरलेलं पुरण दोन घावनांच्या मध्ये भरलं. भावाने ती गार होईपर्यंत नुसती हातात धरून ठेवली. पुढे नोकरीसाठी ओसाकाला गेले, तिथे खरा डोरा केक, म्हणजे दोरायाकी, खाल्ला. आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड सारण असतं, शिजवून वाटलेलं. म्हणजे पुरणच की! आईला तिथूनच फोन लावला.

*

रामायणावरचा, जपानचे युगो साको आणि आपले राम मोहन यांचा ॲनिमेशन सिनेमा लहानपणी टीव्हीवर तुकड्यातुकड्यांत पाहिला होता. जानेवारी २०२५ मध्ये थेटरात लागला तेव्हा लेकीला घेऊन गेलो. कुंभकर्ण उठतो तिथे तिने माझा दंड घट्ट धरला. बस, एवढंच सांगायचं होतं.

*

मी पुण्यात जपानी शिकले ती ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टूनच्या, ओढीने. शब्द भरपूर येत होते, म्हणून पहिल्याच आठवड्यात वर्गात धीटपणे बोलले : स्वतःला 'ओरे' आणि बाईंना 'ओमाए'. बाई क्षणभर गप्प झाल्या. मग शांतपणे म्हणाल्या, "अगं, 'ओरे' हे मुलग्यांचं रांगडं 'मी'. आणि 'ओमाए' म्हणजे तू मला 'ए तू' म्हणालीस. शिक्षकांना 'तुम्ही'सुद्धा म्हणत नाहीत, 'सेन्सेई'च म्हणायचं." मारामारीच्या मालिकांतली पात्रं कशी बोलतात आणि माणसं घरात, दुकानात, कचेरीत कशी बोलतात, हे त्या दिवसापासून मी कान देऊन ऐकायला लागले. आता जपानीची एन-२ परीक्षा झाली आहे. नव्याने शिकणाऱ्यांनी ॲनिमे जरूर बघा, पण कोण कोणाशी बोलतंय तेही बघा.

*

मंगळवेढ्याजवळचं गाव आमचं. इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' मी लॅपटॉपवर बघत होते. १९४५ ची कोबेवरची बॉम्बफेक, आई गेलेली, चौदा वर्षांचा सेइता आणि चिमुकली सेत्सुको. आजी मध्येच येऊन शेजारी टेकली. भाषा कळेना, खालची इंग्रजी अक्षरं वाचता येईनात, तरी उठली नाही. गोळ्यांचा डबा रिकामा होतो, सेइता त्यात पाणी ओततो, डबा हलवतो आणि बहिणीला ते गोड पाणी पाजतो. तिथे आजी म्हणाली, "आमी बी असंच." मी सिनेमा थांबवला.

बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर होती. तिथे सुकडी, म्हणजे कोरडं पौष्टिक खाणं, मिळायची. ती फडक्यात बांधून घरी आणायची, पोरांना वाटायची आणि मग ते फडकं पाण्यात खळबळून ते पाणी धाकट्याला, म्हणजे माझ्या वडिलांना पाजायची. एवढ्या वर्षांत हे ती कुणालाच बोलली नव्हती. वडिलांनाही नाही.

मग ती निजायला गेली. सकाळी भाकरी थापताना तिने विचारलं, "त्या पोराचं म्होरं काय झालं गं?" सेइता जातो ते सिनेमाच्या सुरुवातीलाच दाखवलंय, पण आजी तेव्हा आलेली नव्हती. मी तव्याकडे बघत राहिले.