फेरेटला कडूजहर औषध पाजायचं कसं? (मदत हवी आहे)

जर्सीची_जाई

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे चिंगी नावाची फेरेट (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी) आहे. मादी, वय चार वर्षं, धडधाकट असताना वजन पाऊण किलोच्या आसपास. आम्ही न्यू जर्सीत राहतो, परमिट रीतसर काढलेलं आहे, तेव्हा "असले प्राणी पाळावेतच का" या वळणावर धागा नेऊ नका ही आधीच विनंती.

गेले काही आठवडे तिचं खाणं कमी झालं होतं. वाटीपाशी जायची, हुंगायची, दात करकर वाजवायची आणि परत झोळीत जाऊन झोपायची. शी काळी, चिकट व्हायला लागली तेव्हा एक्झॉटिक प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे नेलं. हेलिकोबॅक्टर नावाच्या जंतूमुळे पोटात अल्सर असावा असं त्यांचं मत पडलं. रक्तातली साखर तपासली, ती ठीक आहे. कोर्स तीन आठवड्यांचा: अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल आणि पेप्टो-बिस्मॉल (बिस्मथचं गुलाबी पातळ औषध), शिवाय अल्सरवर लेप बसावा म्हणून सुक्राल्फेट. सगळं सिरिंजने तोंडात.

अमॉक्सिसिलिन लहान मुलांचं, गोडसर. ते ती चाटून घेते. घोडं अडलंय मेट्रोनिडाझोलवर. ज्यांनी कधी फ्लॅजिल (म्हणजे हेच औषध) घेतलंय त्यांना ती चव वेगळी सांगायला नको. फार्मसीने गोळी कुटून चिकन फ्लेवरच्या पातळ औषधात घालून दिलीये, पण चिकनचा फक्त वास आहे. थेंब जिभेला लागला की तोंडाला फेस, पुढच्या दोन्ही पंजांनी तोंड ओरबाडणं आणि गालिच्यावर हनुवटी घासत खोलीभर पळणं. निम्मं औषध माझ्या बाहीवर. पेप्टो तर ती नेम धरून थुंकते, स्वयंपाकघराच्या पांढऱ्या कपाटांवर गुलाबी ठिपक्यांची रांगोळी झालीये. आता सिरिंज दिसली की तेल लावलेल्या पैलवानासारखी हातातून निसटते. टॉवेलात गुंडाळलं तर मागच्या मागे बाहेर.

सासूबाई साताऱ्याहून आल्या आहेत. त्या म्हणतात मधात खलून चाटण दे. मला भीती वाटते ती साखरेची. जेवणात कालवून दिलं तर चालेल का? आणि हा फेस म्हणजे अ‍ॅलर्जी तर नाही ना?

पारवा_७७

मी आधी मुंगूसच समजलो. आपल्याकडे मुंगूस पाळणं गुन्हा आहे, म्हणून दचकलो. आमच्या कॅलिफोर्नियात फेरेटलाही बंदी आहे, त्यामुळे अनुभव शून्य. चिंगीला लवकर बरं वाटो. फोटो टाका.

लीड्सकर

जाईताई, फेस बघून घाबरू नका. कडू लागलं की फेरेट असाच फेस काढतात, मांजरंही काढतात. अ‍ॅलर्जीत तोंड सुजेल, श्वासाला त्रास होईल, अंगावर गांधी उठतील. तसं काही नसेल तर तो निव्वळ निषेध आहे. एक मात्र बघा: औषधाच्या वेळेव्यतिरिक्तही ती लाळ गाळत, तोंड ओरबाडत असेल तर ती मळमळ असू शकते आणि ते व्हेटना सांगायला हवं.

इकडे यॉर्कशायरमध्ये फेरेट ही काही नवलाई नाही. सशांच्या शिकारीसाठी पिढ्यान्‌पिढ्या फेरेट बाळगणारी घरं आहेत. माझी पहिली जोडी अशाच एका आजोबांकडून आली आणि औषध पाजायची रीतही त्यांच्याकडूनच.

टॉवेल सोडून द्या. मानगुटीमागची सैल कातडी मुठीत धरा, अगदी पिल्लाला आई धरते तिथे. मागचं अंग टेबलावर किंवा दुसऱ्या कुणाच्या तळहातावर टेकलेलं राहू द्या, लोंबकळत ठेवू नका. बहुतेक फेरेट अशा धरण्यात ढिले पडतात आणि थोड्या वेळात मोठ्ठी जांभई देतात. औषधाची वेळ तीच. सिरिंज समोरून घशाकडे रोखायची नाही. ओठाच्या कोपऱ्यातून, सुळ्याच्या मागच्या फटीतून आत सरकवा, टोक गालाकडे ठेवा. अगदी थोडं सोडायचं, गिळल्याची हालचाल गळ्यावर दिसेपर्यंत थांबायचं, मग पुढचं. डोकं मागे कलवू नका. औषध श्वासनलिकेत गेलं तर अल्सर परवडला म्हणायची पाळी येते.

आत टाकण्याआधी सिरिंजच्या टोकाला बाहेरून सामन मासळीचं तेल चोपडा. ती चाटायला लागली की त्याच ओघात पहिला घोट जातो आणि जिभेवर तेलाचा थर असल्याने कडवटपणाही जरा बोथट होतो. औषध संपल्याबरोबर लगेच पुन्हा तेल किंवा तिच्या आवडीचं काहीतरी. हे "लगेच" महत्त्वाचं आहे. सिरिंज ठेवून, हात धुऊन, मग फ्रीज उघडलात तर तिच्या लेखी त्या दोन गोष्टींचा संबंधच उरत नाही. वाटी आधीच उघडून शेजारी ठेवायची.

जेवणात कालवणं मात्र मुळीच नको. एक तर निम्मं टाकलं तर किती औषध पोटात गेलं याचा पत्ता नाही. दुसरं म्हणजे फेरेट अन्न ओळखतात वासावरून, आणि कुठला वास म्हणजे अन्न हे त्यांच्या डोक्यात पिल्लूपणीच पक्कं बसतं. एरवी खाते त्या एकमेव खाण्याला औषधाचा वास लागला आणि तिने ते कायमचं सोडलं, तर नवं खाणं शिकवता शिकवता तुमच्या नाकी नऊ येतील. आजारी फेरेटने उपाशी राहणं परवडत नाही. त्यांची आतडी आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर.

माई_देसाई

सासूबाईंचं अगदीच चुकीचं नाही हो, आम्ही मुलांना मात्रा मधातच उगाळून दिल्या. मध नको तर साजूक तूप? तुपाने कडू औषध गुपचूप जातं हा माझा नातवंडांवरचा अनुभव आहे.

लीड्सकर

माई, तुमचं तूप माझ्या सामनच्या तेलाचंच भावंड आहे, तत्त्व एकच. थेंबभर तुपाने बिघडेल असं मला वाटत नाही, पण जास्त झालं की पोट सुटतं आणि इथे पोटच दुखरं आहे. तेलाचंही तेच, टोकाला चोपडण्यापुरतं.

मधाबद्दल जाईताईंशी सहमत. फेरेट पक्के मांसाहारी. शिवाय तीन-चार वर्षांपुढच्या फेरेटमध्ये इन्सुलिनोमा, म्हणजे स्वादुपिंडाची गाठ, फार आढळते. त्यात गोड खाल्लं की इन्सुलिन उसळतं आणि साखर उलट आणखी खाली जाते. चिंगीची साखर आज ठीक आहे ही चांगली गोष्ट, पण रोज दोनदा मध ही सवय नको. मध घरात असावा तो आणीबाणीपुरता: फेरेट शून्यात बघत बसली, मागचे पाय लुळे पडले, तर हिरड्यांना बोटाने किंचित चोळायचा आणि तसंच तडक व्हेट गाठायचं.

गोळी_बिळी

मी कम्पाउंडिंग फार्मसीत (जिथे औषध हव्या त्या रूपात बनवून देतात) काम करतो, माणसं आणि प्राणी दोन्ही. धरण्याची रीत लीड्सकरांनी झकास सांगितली आहे, पण मला वाटतं तुमची लढाई चुकीच्या बाटलीशी चालली आहे.

तुम्हाला दिलंय ते साधं मेट्रोनिडाझोल. ते पाण्यात थोडं तरी विरघळतं, आणि विरघळलेलं औषध जिभेला कळतं. गोळीवरचा लेप कुटताना गेला, त्यामुळे कडवटपणा उघडा पडला. चिकन फ्लेवर, मासळी फ्लेवर, काही घाला, वर फक्त वास येतो. त्याऐवजी मेट्रोनिडाझोल बेन्झोएट मागा. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून जिभेला फारसं लागत नाही आणि पोटात गेल्यावर त्यातून मूळ औषध सुटतं. आपल्याकडे लहान मुलांना जुलाबावर जे पातळ फ्लॅजिल देतात ते याच रूपातलं. म्हणूनच मोठ्यांच्या गोळीपेक्षा ते घशाखाली उतरतं.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली: मिलिग्रॅम तेच धरू नका. २०० मिग्रॅ मेट्रोनिडाझोलसाठी बेन्झोएट ३२० मिग्रॅ लागतं, म्हणजे १.६ पट. बाटलीवर आकडा कशाचा लिहिलाय, मूळ औषधाचा की बेन्झोएटचा, हे फार्मसीला विचारा आणि किती मिली द्यायचं ते व्हेटकडून नव्याने लिहून घ्या. जुन्या सिरिंजवरची खूण विसरा. दुसरी: भारतातून आलेली मुलांची बाटली घरात पडलेली असेल तर ती वापरायचा मोह नको. त्यात साखर असते आणि पाऊण किलोच्या जिवाला तिची तीव्रता मोजणं हा घरगुती हिशेब नाही.

फार्मसीला हेही सांगा की झायलिटॉल (साखरेऐवजी गोडव्यासाठी घालतात ते) नको. माणसांच्या बिनसाखरेच्या औषधांत ते असू शकतं. कुत्र्यांना ते विष आहे, फेरेटच्याही वाटेला जाऊ देऊ नये. बाटली दर वेळी नीट हलवा, बेन्झोएट तळाशी बसतं. न हलवता वरचं दिलंत तर सुरुवातीला नुसतं पाणी आणि शेवटी सगळं औषध.

आणि अमॉक्सिसिलिनचं पातळ औषध एकदा पाणी घालून तयार केलं की १४ दिवसांत टाकून द्यायचं असतं. तुमचा कोर्स तीन आठवड्यांचा, म्हणजे दुसरी बाटली लागणारच. शनिवारी रात्री आठवण्यापेक्षा आत्ताच मागवून ठेवा.

खवचट_खान

मजा बघा, चिंगीला जे दिलंय ते माणसांचंच जुनं औषधपाणी. बिस्मथ आणि दोन अँटिबायोटिक. १९८४ मध्ये बॅरी मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरीचं द्रावण स्वतः पिऊन बघितलं होतं, २००५ मध्ये रॉबिन वॉरन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. फेरेटच्या पोटात सापडतो तो त्याचा चुलतभाऊ, हेलिकोबॅक्टर मुस्टेली. मार्शलसाहेबांनी जंतू पिले, चिंगी औषध प्यायला तयार नाही!

जर्सीची_जाई

@खवचट_खान, हे सासूबाईंना वाचून दाखवलं. "शहाणी कोण ते कळलं," म्हणाल्या.

गोळीबिळी, खूप आभार. व्हेटशी बोलले. बेन्झोएट लिहून देतायत, डोस नव्याने काढून. आता प्रश्न सुक्राल्फेटचा. ते आधी, नंतर, की सगळ्यांबरोबर? कागदावर चार औषधं आणि "दिवसातून दोनदा" एवढंच आहे. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी म्हणालं की कानाला चोळायचं जेल मिळतं. तो मार्ग कसा?

गोळी_बिळी

जेलचा मार्ग काही मोजक्या औषधांना जमतो. अँटिबायोटिकच्या बाबतीत त्यावर भिस्त ठेवू नका, रक्तात पुरेसं पोचेल याची खात्री नसते. इथे तर जंतू पोटात बसलाय.

सुक्राल्फेट रिकाम्या पोटी, खाण्याच्या आधी. ते अल्सरवर चिकटून बसतं आणि त्याच वेळी आलेल्या दुसऱ्या औषधांनाही स्वतःत अडकवतं. म्हणून बाकीच्यांत आणि त्यात शक्य असेल तर दोन तासांचं अंतर. अर्थात फेरेटला तासन्‌तास उपाशी ठेवता येत नाही, तेव्हा व्हेटकडून घड्याळ लावूनच लिहून घ्या: सकाळी किती वाजता काय. गोळी असेल तर थोड्या कोमट पाण्यात ती आपोआप विरते, कुटावी लागत नाही. चव खडूची, कडू नाही. त्यामुळे त्यावर ती बहुधा एवढा तमाशा करणार नाही.

लीड्सकर

वर मी "आवडीचं काहीतरी" म्हणालो, त्यात एक भर. लहान बाळांची चिकन प्युरी फेरेटना आवडते, पण लेबल वाचा. कांदा किंवा लसूण पावडर असेल तर नको. घरी करायचं तर नुसतं उकडलेलं चिकन, मीठ-मसाला न घालता, त्याच पाण्यात मऊ वाटलेलं. दुखऱ्या पोटाला तेच बरं.

जर्सीची_जाई

अपडेट: बेन्झोएट आलं. जमीन-अस्मानाचा फरक! फेस नाही. मानगूट धरली, जांभई आली, नवऱ्याने औषध सोडलं आणि मी चिकनची वाटी पुढे केली. नाक मुरडलं, पण गिळलं. सुक्राल्फेटही विनातक्रार.

पेप्टो मात्र अजून कपाटांवरच जातंय. ते पुदिन्याच्या वासाचं आहे, त्याचं काय करू? आणि एक काळजी: शी पुन्हा काळी दिसतेय. अल्सर वाढला का?

गोळी_बिळी

पुदिन्याशिवायचं बिस्मथ बनवून मिळतं का ते त्याच फार्मसीला विचारा. नाहीतर व्हेटना विचारा की इतकं कमी पोटात जात असेल तर त्याचा आग्रह धरायचा की दुसरं काही द्यायचं. स्वतःहून बंद करू नका. त्यात अ‍ॅस्पिरिनच्या कुळातलं सॅलिसिलेट असतं, म्हणून थुंकलं तेवढं अंदाजाने पुन्हा भरायचंही नाही. घरात मांजर असेल तर बाटली तिच्यापासून लांब.

काळ्या शीबद्दल: बिस्मथने शी काळी होतेच, माणसांचीही होते. त्यामुळे आता नुसत्या रंगावरून काही ठरवता येणार नाही. चिकट आहे का, उग्र वास येतो का, हिरड्या फिक्या पडल्यात का, हे बघा. यातलं काही असेल किंवा ती खायचीच थांबली, तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत न्या.

जर्सीची_जाई

हिरड्या गुलाबी आहेत, आत्ताच बघितल्या. शी काळी आहे पण घट्ट. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज सकाळी वजन घेऊन लिहून ठेवायला सुरुवात केलीये. पेप्टोचं उद्या फोन करून विचारते आणि इथे लिहिते.