या उन्हाळ्यातले मराठी सिनेमे, आणि 'आपला आहे म्हणून बघा' हे आता पुरे

इंटरव्हलचा_समोसा

शाळा सुरू झाल्या, पाऊस तर मे महिन्यातच येऊन बसला, म्हणजे यंदाचा (2025) उन्हाळी सीझन संपला असं समजून लिहितोय. मी समीक्षक वगैरे नाही, शनिवार-रविवार मोकळा असला की घरच्यांना घेऊन थेटरात जाणारा माणूस. निकष एकच, इंटरव्हलला घरी जावंसं वाटलं का.

'अशी ही जमवा जमवी'ला आईला घेऊन गेलो. अशोक सराफ आणि वंदना गुप्ते पडद्यावर असले की आईला गोष्ट काय चाललीय याच्याशी देणंघेणं नसतं, मलाही फारसं नव्हतं. 'देवमाणूस'चं असं झालं की मी मूळ हिंदी 'वध' आधीच बघितलेला, त्यामुळे पुढे काय होणार ते माहीत, तरी महेश मांजरेकर आणि रेणुका शहाणे यांच्यासाठी बसलो आणि पैसे फिटले. वारकरी जोडपं केलंय तो बदल मला आवडला, बायकोला उगीच वाटला. 'झापुक झुपूक'... सूरज चव्हाण बिग बॉस जिंकला तेव्हा आमच्या घरात पेढे वाटायचे बाकी होते, पण त्याचा साधेपणा बघायला सत्तर दिवसांचा शो ठीक आहे, अख्खा सिनेमा त्याच्या खांद्यावर टाकायचा तर त्याला काहीतरी करायला तरी द्या. इथे इंटरव्हलला गाडीची किल्ली हातात घेतली होती.

मग 1 मे. 'गुलकंद' आणि 'आता थांबायचं नाय' एकाच दिवशी. 'गुलकंद'मध्ये हसलो, खोटं कशाला बोलू, समीर चौघुले नुसता उभा राहिला तरी हसू येतं, पण सिनेमा म्हणजे चार स्किट एकापुढे एक लावल्यासारखं वाटत राहिलं. 'आता थांबायचं नाय' हा माझ्या मते या उन्हाळ्यातला सगळ्यात चांगला. मुंबई महापालिकेचे सफाई कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, खऱ्या घडलेल्या गोष्टीवर आहे, भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव दोघंही नेहमीची आरडाओरड न करता काम करतात. शिवराज वायचळचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा आहे हे मला नंतर कळलं.

'एप्रिल मे 99' हा कोकणातल्या उन्हाळी सुट्टीचा सिनेमा, आणि तो लागला 23 मेला, बाहेर धो धो पाऊस! नशीब म्हणतात ते हेच. 'जारण' परवाच बघितला, अमृता सुभाषसाठी बघा, बाकी बोलत नाही, फुटेल.

आता मुद्दा. दर आठवड्याला कोणीतरी कलाकार व्हिडिओ टाकतो की मराठी प्रेक्षक मराठी सिनेमाला येत नाही, आपणच आपल्या भाषेला वाचवलं पाहिजे वगैरे. अरे बाबा, 18 एप्रिलला 'सुशीला सुजीत' आणि 'मुक्ताई', 25 ला 'झापुक झुपूक' आणि 'देवमाणूस', 1 मेला परत दोन. एका कुटुंबाने पंधरा दिवसांत सहा सिनेमे बघायचे? तिकीट, पॉपकॉर्न, पार्किंग धरून चौघांचे दीड हजार जातात. मी येतो हो, पण सिनेमा बघायला येतो, वर्गणी द्यायला नाही.

---

पडद्यामागचा

शेवटची ओळ वाचायला छान आहे पण धंदा कसा चालतो ते बघा जरा. मी या लाईनीत आहे म्हणून सांगतो. हिंदीत 2009 साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांचं मोठं भांडण झालं, दोन महिने नवे सिनेमेच लागले नव्हते, त्यातून जे ठरलं त्यात तिकिटांच्या कमाईतला पहिल्या आठवड्यात निर्मात्याकडे निम्मा वाटा, दुसऱ्यात साडेबेचाळीस टक्के, मग साडेसदतीस, पुढे तीस. म्हणजे सिनेमा जेवढा हळू चालेल तेवढा निर्मात्याच्या हातात कमी. त्यात शुक्रवारी सकाळी हॉलमध्ये दहा डोकी दिसली की सोमवारी तुमचा शो दुपारी साडेबाराला ढकलतात, आणि साडेबाराला नोकरदार माणूस येणार कुठून? मग बुधवारी म्हणतात बघा, चालतच नाही. तुम्ही 'नंतर बघू, लोक काय म्हणतात ते कळू दे' म्हणता तोवर सिनेमा उतरलेला असतो. कलाकार व्हिडिओ टाकतात ते हौस म्हणून नाही टाकत.

आणि तारखांचं म्हणाल तर परीक्षा मार्चअखेर, एप्रिलपर्यंत चालतात, जूनपासून पाऊस आणि शाळेचा खर्च, दिवाळीत हिंदीवाले पडदे घेऊन बसतात. ईदला 'सिकंदर' आपटला आणि पडदे रिकामे झाले, मग सगळे एकदम घुसले. राहतं काय दुसरं?

---

इंटरव्हलचा_समोसा

@पडद्यामागचा, हे सगळं पटतंय, पण मग तुम्ही लोक एकमेकांशी बोलत का नाही? 1 मेला अजय देवगणचा 'रेड 2' येणार हे सगळ्या जगाला माहीत होतं. त्याच दिवशी दोन मराठी आणून आपसातच भांडायचं आणि नंतर प्रेक्षकाला ओरडायचं. एकाने 9 मेला आणला असता तर काय बिघडलं असतं?

---

पडद्यामागचा

9 मेला आणला असता तर बरंच बिघडलं असतं. 7 मेला ऑपरेशन सिंदूर झालं, 9 ला आयपीएल थांबवली, लोक टीव्हीसमोर बसून होते. हे आधी कोणाला दिसत नसतं. मागे वळून बघून तारखा ठरवणं सोपं आहे.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

मला 'गुलकंद'बद्दल बोलायचंय. चार स्किट चार स्किट म्हणून सगळे नाकं मुरडतायत, पण त्याचे दिग्दर्शक सचिन गोस्वामी आणि लेखक सचिन मोटे यांनी टीव्हीवरच्या 'हास्यजत्रे'त इतकी वर्षं तेच केलंय आणि लोकांना तेच आवडतं ना? मी सासूबाई, जाऊ आणि दोन नणंदा असे गेलो होतो, सगळं थेटर बायकांनी भरलेलं, ईशा डे आणि सई ताम्हणकरच्या प्रत्येक टोमण्याला मागच्या रांगेतून उत्तर यायचं. घरी बसून मोबाईलवर हे होत नाही. तुम्हाला पटकथेची बांधणी बघायची असेल तर बघा, आम्हाला दोन तास मोकळं हसायचं होतं. लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसांच्या प्रेमाबद्दल मराठीत किती सिनेमे येतात हो? विशीच्या आत सगळ्यांचं सगळं उरकतं.

---

चौथी_पाळी

सगळे 'आता थांबायचं नाय'ची आरती करतायत म्हणून मी जरा उलटं लिहितो, चिडू नका.

सिनेमा रडवतो, मान्य. ओम भूतकर मास्तर म्हणून फार छान. पण मला एक गोष्ट टोचली. मोठा साहेब (आशुतोष गोवारीकर) येतो, त्याला कळवळा येतो आणि तो कामगारांना दहावीला बसवतो. म्हणजे पुन्हा वरून कोणीतरी येऊन उद्धार करणार. या कामगारांच्या संघटना आहेत, कंत्राटी कामगार कायम व्हावेत म्हणून वर्षानुवर्षं कोर्टात लढतायत, हातमोजे आणि बूट वेळेवर मिळत नाहीत, गटारात उतरून माणसं मरतात. ते सगळं बाजूला ठेवून पास झाल्याचा पेढा खाल्ला की मध्यमवर्ग डोळे पुसत घरी जातो आणि सकाळी कचरा वेगळा करत नाही. मला हा सिनेमा अन्यायाबद्दल कमी आणि आपल्याला बरं वाटण्यासाठी जास्त वाटला.

---

माहीमचा_हलवा

@चौथी_पाळी, माझे सासरे पालिकेतच होते, घनकचरा खात्यात, मुकादम म्हणून रिटायर झाले, म्हणून बोलतो. दहावी पास असणं आणि नसणं यात काय फरक असतो ते त्या खात्यात विचारा. नापास माणूस झाडू घेऊन लागतो तो झाडू घेऊनच रिटायर होतो, पास झालेल्याला वरच्या जागेसाठी अर्ज तरी करता येतो. सासऱ्यांनी पूर्ण सिनेमा तोंडातून शब्द न काढता बघितला आणि बाहेर आल्यावर फक्त एवढं म्हणाले की हजेरीची चौकी अगदी अशीच असते. तुम्हाला संघटनेवरचा सिनेमा हवाय तर तो वेगळा सिनेमा आहे, कोणीतरी काढावा, मी पहिल्या दिवशी जाईन. पण या गोष्टीत खरंच एका अधिकाऱ्याने पुढाकार घेतला होता, तर तो दाखवायचाच नाही का?

---

चौथी_पाळी

दाखवा ना, मी कुठे नको म्हणतोय. पण प्रत्येक वेळी कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर जाऊन थांबतो. किरण खोजेच्या पात्राच्या घरातलं अजून दहा मिनिटं बघायला मिळालं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो.

---

रंकाळ्यावरचा_राजा

झापुक झुपूकवर सगळे तुटून पडलेत, ते काय मला पटलं न्हाई. पोरगं बारामती तालुक्यातल्या मोढव्याचं, आईबाप न्हाईत, रील करून वर आलं, त्याला मराठीतला एवढा मोठा दिग्दर्शक हिरो करतोय ह्येच केवढं हाय! केदार शिंदेंनीच 'बाईपण भारी देवा' काढला तवा सगळं पुणं-मुंबई नऊवारी नेसून थेटरात, आणि आता गावाकडचं पोरगं आणलं तर 'त्याला ॲक्टिंग येत नाही'. हिंदीत नटांची पोरं काय शिकून येत्यात? त्यांना तीन-तीन चान्स मिळत्यात भावा.

---

इंटरव्हलचा_समोसा

@रंकाळ्यावरचा_राजा, नटांच्या पोरांचे सिनेमेसुद्धा मी बघत नाही, त्यामुळे ते माप मला लावू नका 😄 सूरजवर राग नाहीच. सिनेमावर आहे. त्याला कोणी गोष्टच लिहून दिली नाही, त्याच्या रीलमधल्या लकबी तेवढ्या उचलून ठेवल्यात. गावाकडचं म्हणून कमी लेखलंय ते त्या सिनेमाने, मी नाही.

---

रंकाळ्यावरचा_राजा

ह्ये जरा खरं हाय. पण तिकीट काढून बघितलंस ना, मग झालं.

---

संत्रानगरीतून

तुमचं सगळं पुण्या-मुंबईचं चाललंय बावा. आमच्या नागपुरात 'जारण'चा शो शोधा म्हटलं तर एक सकाळचा नाहीतर रात्री पावणेअकराचा. रात्री पावणेअकराला बायकोला घेऊन भुताचा सिनेमा पाहू मी? ती म्हणते तुम्हीच जा अन् तिकडेच राहा. 'मराठी प्रेक्षक येत नाही' म्हणणाऱ्यांनी एकदा विदर्भातले शो मोजून पाहावे. अन् मोठ्या हिंदीचे त्याच थेटरात दर अर्ध्या तासाला.

---

लिंबूमिरची_नको

जारणवर कोणी बोलत नाही तर मी बोलते. अमृता सुभाष जबरदस्त आहे, अनिता दातेला त्या रूपात बघून मी खरंच खुर्चीत मागे सरकले. पण ज्या राज्यात दाभोलकरांचा खून झाल्यावर 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा आला, तिथे करणी, बाहुल्या, टाचण्या हे सगळं एवढं थरारक करून दाखवायचं आणि उत्तर मात्र धूसर ठेवायचं, हे मला धोक्याचं वाटतं. शेजारच्या सीटवरच्या काकू बाहेर पडताना म्हणत होत्या, 'असतं हो असं, आमच्या गावाला होतं.' म्हणजे पोचलं काय?

---

पानोपानी

काकूंचं ते मत सिनेमाला जायच्या आधीपासूनचं असणार, ते दिग्दर्शक हृषिकेश गुप्ते यांच्या खात्यात कशाला घालता? त्यांच्या कथा-कादंबऱ्या वाचल्या असतील तर माहीत असेल की त्यांना भुतापेक्षा भीतीत जास्त रस असतो. मला तरी हा सिनेमा मनाच्या आजाराबद्दलचा वाटला आणि घरातली माणसं तो आजार कसा सांभाळून घेतात त्याबद्दलचा. शेवटी फळ्यावर 'तात्पर्य' लिहून दाखवलं असतं तर तुम्हीच म्हणाला असतात की प्रेक्षकाला बावळट समजतात.

---

लिंबूमिरची_नको

तात्पर्य नकोच होतं. शेवटचे दोन शॉट नसते तरी चाललं असतं, एवढंच म्हणते. बघितलेल्यांना कळेल कुठले.

---

दुपारचा_शो

एक विचारू का सगळ्यांना. फेब्रुवारीत 'छावा' आला, हिंदीत, तेव्हा तिकीट किती होतं? साडेतीनशे, चारशे, काही ठिकाणी अजून वर. कोणी म्हणालं का की चौघांचे दीड हजार जातात? गावोगावचे लोक ट्रॅक्टर-टेम्पो करून गेले, पाचशे कोटींच्या पुढे धंदा झाला. तेव्हा पैसे होते, वेळ होता. मराठी सिनेमा लागला की लगेच पार्किंगचा हिशोब निघतो. महात्मा फुल्यांवरचा हिंदी 'फुले' 11 एप्रिलवरून 25 वर ढकलला गेला, सेन्सॉर, आक्षेप, केवढा गदारोळ, आणि लागल्यावर बघायला गेलं किती जण? मराठीत त्यांच्यावरचाच 'सत्यशोधक' 2024 च्या जानेवारीत येऊन गेला तेव्हा तर गदारोळसुद्धा नव्हता. धागा काढणाऱ्या समोसा साहेबांच्या यादीतपण 'फुले' नाहीये बरं का.

---

इंटरव्हलचा_समोसा

नाहीये, कारण आमच्या जवळच्या थेटरात तो दुसऱ्या आठवड्यात उरलाच नाही आणि पहिल्या आठवड्यात मी 'देवमाणूस' निवडला. तेच तर म्हणतोय, निवडावं लागतं.

'छावा'चं म्हणाल तर मी गेलो होतो, साडेतीनशे देऊन, आणि जड गेले नाहीत. का? कारण त्याला मोठा पडदा आणि आवाज लागतो हे ट्रेलरमध्येच दिसत होतं. मराठीवाल्यांनी मला तेवढंच पटवून द्यावं की हा सिनेमा ओटीटीवर येईपर्यंत थांबू नको. 'आता थांबायचं नाय'ने पटवलं, तेही पोस्टर लावून नाही, ऑफिसातल्या दोघांनी बघून सांगितलं म्हणून. 'जारण'चं पण तसंच चाललंय, दुसऱ्या आठवड्यात गर्दी वाढलीय म्हणतात. म्हणजे प्रेक्षक येतो, फक्त तो शुक्रवारी सकाळी येत नाही. आणि मुळात तिकीटच एवढं का? कर्नाटक सरकारने मार्चच्या बजेटमध्ये दोनशेची मर्यादा घालू म्हणून जाहीर केलंय, आपल्याकडे यावर कोणी का बोलत नाही?

---

पडद्यामागचा

दोनशेची मर्यादा घातली की मोठ्या हिंदीचं तिकीटपण दोनशेला, मग तुम्ही मराठीला याल की 'आता तर हिंदीही स्वस्त' म्हणून तिकडे जाल? मला उत्तर माहीत नाही असं समजू नका.

---

कोपऱ्यातली_खुर्ची

मंगळवारी बऱ्याच ठिकाणी तिकीट स्वस्त असतं हे कोणी लिहिलंच नाही. आम्ही पाचजणी 'गुलकंद'ला मंगळवारीच गेलो होतो, म्हणून तर थेटर भरलेलं.

---

संत्रानगरीतून

अन् तो मंगळवारचा शो किती वाजताचा होता वहिनी?

---

कोपऱ्यातली_खुर्ची

दुपारी साडेबाराचा 😄 पडद्यामागच्यांना सांगा, साडेबाराला नोकरदार येत नसतील, पण सासूबाई येतात.