तालुक्याच्या बाजारपेठेतील दुकानदार डिजिटल व्यवहारांपासून दूर राहिलेल्या ग्राहकांसाठी काय करू शकतात?

चिटणीस, व्यापारी संघटना (सांगली जिल्हा)

नमस्कार. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी किराणा, कापड, औषधे, खते-बियाणे आणि मोबाइल विकणाऱ्या दुकानदारांच्या संघटनेचे काम मी पाहतो. आमच्या बहुतेक दुकानांत आता क्यूआर कोड आहे आणि पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारा स्पीकरही आहे. परंतु बाजाराच्या दिवशी वाड्यावस्त्यांवरून येणाऱ्या अनेक ग्राहकांकडे बटणांचाच फोन असतो, किंवा घरात एकच स्मार्टफोन असून तो मुलगा कामावर घेऊन जातो. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान किंवा लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये खात्यात आले की नाही, एवढे कळण्यासाठीही या मंडळींना बँकेच्या रांगेत उभे राहावे लागते. ई-केवायसी करायची म्हटली की आधारशी जोडलेला जुना क्रमांक बंद पडलेला असतो आणि मग त्या बाई आमच्यापैकीच कोणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर येऊन ‘आता काय करायचं?’ असे विचारतात.

पुढील बैठकीत या विषयावर ठराव मांडायचा आहे. एखादे शिबिर घ्यावे, छायाचित्र काढावे आणि मोकळे व्हावे, असे आम्हांला करायचे नाही. गल्ल्यावरील रोजच्या धांदलीत निभावेल असे दुकानदार नेमके काय करू शकतात आणि त्यात जबाबदारी कुठपर्यंत घ्यावी, याविषयी अनुभवी सभासदांनी सांगावे, ही विनंती.

किराणा आणि बँक मित्र (बीड जिल्हा)

चिटणीस साहेब, सर्वांत उपयोगी पडेल ते आधी सांगतो. संघटनेतील दोन-तीन विश्वासू दुकानदारांनी एखाद्या बँकेचे बँक मित्र, म्हणजे बँकेच्या वतीने दुकानातच व्यवहार करून देणारे प्रतिनिधी, म्हणून रीतसर काम घ्यावे. आमच्याकडे लोक याला ‘अंगठा लावून पैसे काढणे’ म्हणतात. खाते आधारशी जोडलेले असेल, तर ग्राहकाला फोन, कार्ड, पासबुक यांपैकी काहीच लागत नाही. शिल्लक कळते, मागील काही व्यवहारांची छोटी पावती निघते आणि एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत रोख काढता येते. ज्या आजीबाई शिल्लक पाहण्यासाठी एस.टी.ने तालुक्याला जात, त्या आता तेल-मीठ घेता घेता ते काम उरकतात.

मात्र या कामाला शिस्त हवी, कारण ज्याला वाचता येत नाही त्याचा सगळा भरवसा आपल्या शब्दावर असतो. अंगठा लावण्यापूर्वी रक्कम मोठ्याने सांगावी, पैसे ग्राहकासमोर मोजावेत आणि पावती न मागता द्यावी. अंगठा उमटला नाही म्हणून पुन्हा लावायला सांगताना, आधीचा व्यवहार खरोखर फसला आहे ना, हे पडद्यावर पाहून तसे ग्राहकाला सांगावे; एकाच्या जागी दोनदा पैसे कापले जाण्याच्या तक्रारी येथूनच सुरू होतात. आमच्या भागातील ऊसतोड कामगारांच्या बोटांच्या रेषा कामाने झिजलेल्या असतात. त्यांची दहाही बोटे एकेक करून पाहावी लागतात. काही बँकांच्या यंत्रणेत चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली आहे, ती आपल्या बँकेकडे आहे का, हे काम घेतानाच विचारून घ्यावे.

पैशांविषयीही स्पष्ट बोलतो. बँक मित्राने ग्राहकाकडून परस्पर शुल्क घ्यायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. आपला मोबदला बँकेकडून कमिशनच्या रूपाने मिळतो. तरीही हजारामागे दहा-वीस रुपये कापून घेणारे अनेक ठिकाणी भेटतात. संघटनेने दुसरे काहीच केले नाही आणि ‘येथे पैसे काढण्यासाठी शुल्क नाही’ एवढा फलक प्रत्येक केंद्रावर ठळक मराठीत लावायला लावला, तरी गरिबाचे पुष्कळ पैसे वाचतील.

अडचण एकच, आणि ती मोठी आहे. अनुदान जमा झाल्याच्या आठवड्यात गल्ल्यात रोकड पुरत नाही. त्या दिवसांसाठी क्यूआरवर जास्त विक्री होणारे दुकान नव्हे, तर रोख विक्री जास्त असलेले दुकान निवडावे. खताच्या किंवा किराणा मालाच्या दुकानात रोज येणारी रोकड अशा वेळी कामी येते आणि ती बँकेत भरण्याची दुकानदाराची फेरीही वाचते.

सहज मत (ठाणे जिल्हा)

वरील सूचना चांगल्या आहेत. परंतु चर्चा थोडी उलट दिशेने तपासावी असे मला वाटते. डिसेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीनंतरच्या महिन्यात, आमच्याच जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातले धसई हे राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजावाजा करून जाहीर झाले होते. दुकानदारांना स्वाइप यंत्रे मिळाली, भाजी-वडापावपासून सारे कार्डावर मिळते अशी छायाचित्रे छापून आली आणि पुढे तेथे रोख व्यवहार पुन्हा रुळल्याच्या बातम्याही आल्या. कार्डाच्या व्यवहारावर दुकानदाराला पडणारे शुल्क, नेटवर्क आणि ग्राहकांची सवय यांचा विचार उद्घाटनाच्या फितीपूर्वी व्हायला हवा होता. आज यूपीआयवर दुकानदाराला शुल्क पडत नाही, हा फरक खरा. पण उरलेल्या दोन गोष्टी तशाच आहेत.

म्हणून ठरावातील पहिले वाक्य असे असावे की, आमच्या कोणत्याही दुकानात रोख पैसे नाकारले जाणार नाहीत आणि सुट्ट्या पैशांच्या सबबीवर ग्राहकाला क्यूआरकडे ढकलले जाणार नाही. आजकाल शहरांतील काही दुकानांत सवलत हवी असेल तर ॲप घ्या, बिल हवे असेल तर मोबाइल क्रमांक द्या, असे सर्रास ऐकू येते. ज्याच्याकडे फोन नाही तो मग तीच वस्तू जास्त दराने विकत घेतो. छापील बिल, फोनशिवायही मिळणारी सवलत आणि औषधाच्या दुकानात फोनवरून सांगितलेली मागणी लिहून घेणारा माणूस, एवढे टिकवले तरी दुकानदाराने वंचितांसाठी बरेच केले असे होईल. लोकांना शिकवणे हे शाळेचे आणि सरकारचे काम आहे. दुकानदाराने आधी दार बंद करू नये.

मोबाइल-रिचार्ज दुकान (नाशिक जिल्हा)

‘सहज मत’ यांचे रोखीबद्दलचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. मात्र शिकवणे हे आपले काम नाही, हे मान्य नाही. सरकारने ग्रामीण भागासाठी २०१७ मध्ये पीएमजीदिशा ही डिजिटल साक्षरतेची योजना आणली, घरटी एका व्यक्तीला वीस तासांचे प्रशिक्षण द्यायचे असे ठरले आणि मार्च २०२४ मध्ये ती संपली. माणसाला अडचण येते ती प्रशिक्षणानंतर कधीतरी, एखाद्या मंगळवारी संध्याकाळी, आणि तेव्हा उघडे असते ते आमचे दुकान.

माझ्या धंद्यातले दोन-तीन मुद्दे मांडतो, कारण डिजिटल वंचितपणाची सुरुवात पुष्कळदा रिचार्जपासून होते. वैधता संपली की क्रमांक बंद पडतो, क्रमांक बंद पडला की ओटीपी येत नाही आणि ओटीपी नाही म्हणजे बँक, रेशन आणि योजना या तिन्हींशी असलेला दुवा तुटतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकाने कंपन्यांना केवळ बोलणे आणि संदेश यांसाठीचे, इंटरनेट नसलेले रिचार्ज देणे बंधनकारक केले आणि त्यांची वैधता ३६५ दिवसांपर्यंत ठेवण्याची मुभा दिली. बटणांचा फोन वापरणाऱ्या आजोबांना रोज दोन जीबी डेटाचा रिचार्ज मारून देणारे दुकानदार आजही आहेत. कमिशन थोडे कमी मिळाले तरी चालेल, पण ग्राहकाला हा पर्याय आपण होऊन सांगावा. क्रमांक बदललेला असेल, तर तो आधार केंद्रावर आणि बँकेत, दोन्ही ठिकाणी नोंदवावा लागतो, हेही त्याच वेळी कागदावर लिहून द्यावे.

दुसरे असे की, स्मार्टफोन नसला तरी यूपीआय चालते, हे आपल्या व्यापाऱ्यांनाच फारसे ठाऊक नसते. *९९# हा क्रमांक लावून इंटरनेटशिवाय शिल्लक पाहता येते आणि पैसे पाठवता येतात. त्यात मराठीही आहे. मार्च २०२२ मध्ये आलेल्या यूपीआय १२३पे या सेवेत साध्या फोनवरून बोलत्या सूचनांच्या आधारे पैसे देता येतात. ज्यांना हेही जमणार नाही, त्यांच्या घरातील कोणाचा यूपीआय असेल तर २०२४ पासून ‘यूपीआय सर्कल’ आहे. त्यात मुलाने आपल्या खात्यातून आईला मर्यादित रक्कम खर्च करण्याची परवानगी देता येते. आईचे स्वतःचे खाते यूपीआयशी जोडलेले नसले तरी चालते. अर्थात आईच्या हातात स्मार्टफोन हवाच, आणि पैसा मुलाच्या खात्यातला आहे, हे विसरू नये.

आमच्या दुकानात एक नियम कडक आहे: शिकवताना ग्राहकाचा फोन ग्राहकाच्याच हातात राहतो. आम्ही बोटाने दाखवतो, दाबायचे त्यांनी. पिन टाकायची वेळ आली की आम्ही तोंड फिरवतो आणि ‘पैसे घेताना पिन कधीच टाकावी लागत नाही’ हे वाक्य दरवेळी म्हणतो. वेळ जास्त जातो, मागे उभे असलेले गिऱ्हाईक कुरकुरते. म्हणून दुपारी दोन ते चार, जेव्हा तसेही सामसूम असते, ती वेळ आम्ही यासाठी ठेवली आहे.

मेळघाटकर

केवळ एक भर घालतो. जेथे घरात नेटवर्क नाही, तेथे दुकानातील वाय-फाय हीच मोठी सोय ठरते. पीएम-वाणी या सार्वजनिक वाय-फायच्या योजनेला डिसेंबर २०२० मध्ये मंजुरी मिळाली. तिच्यात चहाची टपरी किंवा किराणा दुकानसुद्धा परवान्याशिवाय आणि शुल्काशिवाय वाय-फायचे विक्री केंद्र होऊ शकते, मात्र दूरसंचार विभागाकडे नोंदणीकृत असलेल्या संकलक कंपनीशी, म्हणजे अशी अनेक केंद्रे एकत्र सांभाळणाऱ्या कंपनीशी, जोडून घ्यावे लागते. कमाई फार होईल असे समजू नये. परीक्षेचा अर्ज भरायला आलेली मुले वही-पेन आणि बिस्किटे घेतात, हाच काय तो फायदा.

चिटणीस, व्यापारी संघटना (सांगली जिल्हा)

सर्वांचे मनापासून आभार. रोख न नाकारण्याचा मुद्दा ठरावात पहिला घेतो आणि दुपारची मदतवेळ औषधांच्या व मोबाइलच्या दुकानांपासून सुरू करण्याचे सुचवतो. एक शंका उरली आहे. अंगठा लावला, खात्यातून पैसे वजा झाले आणि यंत्रावर मात्र व्यवहार फसल्याचे दिसले, तर ग्राहक आमच्याच दारात भांडायला येईल. अशा वेळी दुकानदाराने काय करावे? शिवाय लोक आधारच्या झेरॉक्स प्रती आमच्याकडे ठेवून जातात, त्यांचे काय?

किराणा आणि बँक मित्र (बीड जिल्हा)

पैसे वजा होऊन हातात न आल्यास व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते परत जमा व्हावेत आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा आदेश आहे. फसलेल्या व्यवहाराचीही पावती काढून द्यावी, तिच्यावरील संदर्भ क्रमांकाखाली पेनाने रेघ ओढावी आणि सहाव्या दिवशी ती पावती घेऊन खाते असलेल्या शाखेत जायला सांगावे. स्वतःच्या खिशातून उसने देऊन मिटवू नये. नंतर हिशेब लागत नाही आणि गैरसमज वाढतो. ग्राहकाला कोणी फसवून पैसे काढले असतील, तर मात्र पाच दिवस थांबू नये, तेथूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावून द्यावा.

झेरॉक्स प्रती अजिबात ठेवून घेऊ नयेत. काम झाले की त्याच हाती परत द्याव्यात. दुकानात आधीच साचलेल्या असतील, तर ज्यांच्या आहेत त्यांना बोलावून देऊन टाकाव्यात आणि उरलेल्या फाडून टाकाव्यात. रद्दीत घालू नयेत, कारण त्यात बांधलेली पुडी कोणाच्या घरी जाईल, सांगता येत नाही.