मदत हवी आहे: भोकं त्यांनी पाडली, रिटेन्शन अडकलं माझं

मंडळी, मी वॉटरप्रूफिंगची कामं सबकॉन्ट्रॅक्टवर घेतो. एका गच्चीचं काम पूर्ण करून ७२ तास पाणी तुंबवून टेस्ट घेतली, खाली थेंब नाही. साइट इंजिनिअरची तारखेसह सही आहे. नंतर मेन कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांनी सोलरचे स्टँड बसवायला थेट कोब्यात ड्रिल मारलं. अँकर बोल्टभोवती साधं सीलंटही नाही! आता बरोबर त्या बोल्टांखालीच स्लॅबला ओल आलीय आणि माझं ५ टक्के रिटेन्शन (बिलातून राखून ठेवलेली रक्कम) अडवून ठेवलंय. म्हणे, डिफेक्ट लायबिलिटीची (कामातले दोष दुरुस्त करून देण्याच्या जबाबदारीची) मुदत चालू आहे, दुरुस्ती तुझ्याच खर्चाने कर.

माझ्या समजुतीप्रमाणे ही जबाबदारी माझ्या कामातल्या दोषापुरती, दुसऱ्याने केलेल्या तोडफोडीची नाही. पण गुपचूप दुरुस्ती केली तर चूक कबूल केल्यासारखं होईल का? ‘जबाबदारी मान्य न करता’ असं लेखी देऊन, खर्चाचा हक्क राखून काम केलं तर चालतं का? की आधी नोटीस देऊन संयुक्त पाहणी मागू? बोल्ट काढले की पुरावाच गेला, ही खरी धास्ती. करारात लवादाचं कलम आहे, पण एवढ्या रकमेसाठी लवाद म्हणजे घोड्यापेक्षा नाल महाग.

कोणी असं प्रकरण निस्तरलंय का?