शिकागो: रॉजर्स पार्कमध्ये भाड्याने घर घ्यावं का? सोबत ७१ वर्षांच्या सासूबाई (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

नवऱ्याची बदली डॅलसहून शिकागोला झाली आहे. ऑफिस लूपमध्ये, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती भागात, जुलैअखेर हलायचंय. भाडं महिना १७०० डॉलरच्या वर न्यायचं नाही असं ठरलंय. ऑफिसातली सगळी मंडळी एकसुरात नेपरव्हिल हे उपनगर सुचवतात: मराठी शेजार, ऐसपैस घरं, चांगल्या शाळा. आम्हाला मूल नाही, तेव्हा शाळा बाद.

खरा प्रश्न सासूबाईंचा आहे. त्या सप्टेंबरात ६ महिन्यांसाठी येणार. वाईला रोज सकाळी घाटावर जाऊन येणारी, येताना भाजीवालीशी दोन शब्द बोलणारी बाई. मागच्या वेळी डॅलसजवळच्या उपनगरात आल्या, तर दाराबाहेर छान फुटपाथ होता, पण चालत जाऊन पोचावं असं काहीच नव्हतं. शेवटी शेवटी पोस्टमन किती वाजता येतो हे त्यांना पाठ झालं होतं. ते मला अजून खुपतं.

म्हणून माझा जीव रॉजर्स पार्कवर जडलाय. शहराचं उत्तर टोक, पलीकडे इव्हान्स्टन. लेक शोअर ड्राइव्ह खाली दक्षिणेला हॉलिवूड अव्हेन्यूलाच संपतो, त्यामुळे इथे घरं आणि लेक मिशिगन यांच्यामध्ये तो धावता हायवे नाही. प्रॅट, जार्विस असे रस्ते सरळ चालत वाळूत उतरतात. रेड लाइन ही शहरातली मेट्रो आहे, उपनगरांत जाणाऱ्या मेट्रा रेल्वेचं स्टेशनही आहे. क्लार्क स्ट्रीटवर मेक्सिकन बेकऱ्या आणि किराणा, आणि डेव्हन अव्हेन्यूवरची देशी दुकानं बसच्या अंतरावर. एवढ्या पाण्याशेजारी भाडं आमच्या आवाक्यात बसतंय, म्हणजे खोट कुठेतरी असणार. ती कुठे आहे तेवढं सांगा. 'तिकडे नको गं' एवढंच नको, ते ऐकून झालंय.

आणखी एक: भाड्यात हीटिंग धरलेलं आहे असं बऱ्याच जाहिरातींत दिसतं. ते चांगलं की फसवं?

प्रतिसाद १

मोर्स स्टेशनजवळ ६ वर्षं राहिलोय. खोट म्हणाल तर इमारती जुन्या आहेत. मध्ये अंगण, भोवती विटांच्या तीन मजली इमारती. दिसायला देखण्या, पण बहुतेकांना लिफ्ट नाही. इथला तिसरा मजला म्हणजे आपला दुसरा, तरी वाणसामान घेऊन चढताना गुडघे बोलतात. आणि जाहिरातीत 'गार्डन अपार्टमेंट' वाचून भुलू नका. बाग नसते हो, अर्धं तळघर असतं! खिडकीतून लोकांचे बूट दिसतात. सासूबाईंसाठी शेरिडन रोडवरच्या लिफ्टवाल्या इमारती बघा, घर थोडं लहान मिळेल.

हीटिंग धरलेलं असेल तर उत्तमच, कारण ते बिल जानेवारीत रडवतं. फक्त रेडिएटर तुमच्या हातात नसतो. कधी एवढं उकडतं की बाहेर बर्फ आणि आत खिडकी उघडी. उलट गारठा असेल तर शहराचा नियम आहे: १५ सप्टेंबर ते १ जून, दिवसा किमान ६८ आणि रात्री ६६ अंश फॅरनहाइट. डिपॉझिटऐवजी 'मूव्ह-इन फी' मागतील, ती परत मिळत नाही हे धरून हिशेब करा.

सुरक्षिततेचं म्हणाल तर गल्लीगणिक फरक आहे. हॉवर्ड स्टेशनला रात्री उशिरा मी रेंगाळत नसे, बाकी कधी काही झालं नाही. सही करण्याआधी रात्री दहाला त्या गल्लीतून एक फेरी मारा. रुळांजवळचं घर घेऊ नका, रेड लाइन रात्रभर धावते.

प्रतिसाद २

मी नेपरव्हिलवाली, तरी सांगते. सप्टेंबर ते मार्च म्हणजे तुमच्या सासूबाईंना तळ्याचे बरे दिवस जेमतेम दीड महिनाच मिळतील. पुढे पाण्यावरून येणारा वारा कानात सुऱ्या खुपसतो. गोठलेल्या फुटपाथवर ७१ व्या वर्षी पाय घसरला तर? एप्रिलमध्ये बोलवता येईल का? मेपर्यंत किनाऱ्याशी गारवा राहतो, पण जून-जुलैत त्या रोज जातील.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. गार्डन अपार्टमेंटचं एक घर आम्ही खरंच निवडून ठेवलं होतं, वाचलो!

काल आईंना फोनवर सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाऱ्याचं बघू, पण पलीकडचा काठ दिसत नाही म्हणतेस, मग तळं कशाला म्हणतेस त्याला?" तिकीट एप्रिलचं बघतोय.

आता एकच विचारते. शेरिडनवरच्या लिफ्टच्या इमारतींत कपडे धुण्याची मशीन त्याच मजल्यावर असतात, की तळघरात जावं लागतं? आणि डेव्हनला जाणारी १५५ नंबरची बस लोयोला स्टेशनजवळ नेमकी कुठल्या बाजूला थांबते?