मदत हवी आहे: वरळी सी फेसचा जुना फ्लॅट, रविवारी टोकन द्यायचंय

शलाका_व: लवकर सांगा, रविवारी टोकन द्यायचंय. इमारत १९७४ ची, चौथा मजला, हॉलच्या तिन्ही खिडक्यांतून समुद्र. ११ फूट उंच छत, सागवानी दारं. सासूबाई तर गॅलरीतून हलेचनात. पण सोसायटीने दुरुस्तीसाठी फ्लॅटमागे २२ लाख मागितलेत. मालक म्हणतात तुम्ही भरा. घ्यावा की नाही?

जुना_दादरकर: ताई, २२ लाख नेमके कशाचे? ठराव कधीचा? ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, सक्तीचं आहे, रिपोर्ट बघितलात का?

गिलावा: मी सिव्हिलवाला. समुद्रासमोर खाऱ्या हवेने सळया गंजतात, गंजून फुगतात आणि काँक्रीटचे पोपडे पाडतात. रंग नवा असेल तर जास्त सावध राहा. खिडकीवरच्या छज्जाला आणि तुळईला खालून नाण्याने ठोका. बदबद आवाज आला तर आत पोकळ आहे. तपकिरी ओघळ दिसला तर सळई गेलीच समजा.

मेघना७१: ठाण्यात नवीन टॉवरमध्ये याच पैशात दोन फ्लॅट येतील. आम्ही घेतला, पोहण्याचा तलावसुद्धा आहे.

जुना_दादरकर: त्यांनी ठाण्याचं विचारलेलं नाही.

हिशेबनीस: आठ वर्षं खजिनदार होतो म्हणून सांगतो. सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायचा निधी, सोसायटीच्या उपविधींप्रमाणे वर्षाला किमान पाव टक्का, तोही फ्लॅटच्या मूळ बांधकाम खर्चावर, जमिनीची किंमत सोडून. १९७४ ला फ्लॅट बांधायला दोन लाख लागले असतील तर वर्षाचे ५०० रुपये झाले! सभेने जास्त ठरवलं नसेल तर तिजोरी रिकामीच. म्हणून अशा श्रीमंत इमारतींत एकदम लाखांची वर्गणी निघते. ही शेवटची नसेल.

सचिन_पार्ले: एवढी काळजी कशाला? रिडेव्हलपमेंट होईल. २०१९ पासून ५१ टक्के संमती पुरते. डोळे मिटून घ्या.

अनघा_शि: डोळे मिटून? माझ्या बहिणीच्या सोसायटीत ५१ टक्के मिळाले, तरी नऊ वर्षं झाली. दोघे कोर्टात गेले. समुद्रकाठी सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे निर्बंध, ते वेगळंच. आणि मोठी घरं असलेले म्हातारे सभासद दोन-तीन वर्षं भाड्याने राहायला निघत नाहीत, त्यांचंही चुकत नाही.

सचिन_पार्ले: आमच्याकडे तीन वर्षांत चावी मिळाली.

अनघा_शि: पार्ल्यात मिळाली, सी फेसवर नाही.

पार्किंगवाला: गाडी कुठे लावणार? जुन्या इमारतींत स्टिल्टमध्ये, म्हणजे खांबांखालच्या पार्किंगमध्ये, जागा कमी असतात, नव्या सभासदाला रस्ता मिळतो.

शलाका_व: गाडी एकच आहे. ऑडिट मागितलं, 'बघू' म्हणाले. ठराव मार्चच्या सभेत झाला. ट्रान्सफरसाठी सेक्रेटरी ३ लाख 'बिल्डिंग फंड' मागतात. आणि जमीन कलेक्टरच्या लीजवर, म्हणजे सरकारी भाडेपट्ट्यावर आहे, त्याने काही फरक पडतो का?

हिशेबनीस: अहो, हे पहिल्या ओळीत सांगायचं! लीजच्या अटी वाचा. अशा जमिनीवर हस्तांतराला बहुधा कलेक्टरची परवानगी आणि शुल्क लागतं. परवानगीशिवाय टोकन देऊ नका. फ्लॅट नावावर करताना सोसायटी घेते त्या ट्रान्सफर प्रीमियमची कमाल मर्यादा २००१ च्या परिपत्रकाने २५,००० आहे, ३ लाख कसले? आणि मार्चचा ठराव म्हणजे रक्कम विकणाऱ्यावर लागली होती. कोण भरणार ते करारात लिहून घ्या, नाहीतर सोसायटी नव्या सभासदाच्या मागे लागेल.

नलिनी_काकू: मी अशाच इमारतीत ३८ वर्षं काढली. पावसाळ्यात समुद्राचे तुषार चौथ्या मजल्यापर्यंत यायचे. माझ्या यजमानांना रात्री त्रास झाला तेव्हा समोरचे पारशी डॉक्टर पायजम्यावर धावत आले. ते शेजार आता कुठे नाही. पण लिफ्ट बंद पडली की गुडघे धरून चार मजले चढायचे, सासूबाईंचा विचार करा.

शलाका_व: रविवार रद्द केला. ऑडिट आणि ठरावाची प्रत लेखी मागितली आहे. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. हिशेबनीसजी, कलेक्टर कचेरीत अर्ज सोसायटी करते की विकणारा?